स्टाउट चाखायची कशी: साताऱ्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

स्टाउट म्हणजे भाजक्या चवीची काळी बिअर, आणि माझी पहिली स्टाउट मी अर्धी मोरीत ओतली. बाटली पुण्याहून मुद्दाम आणलेली, पैसे चांगले मोजलेले, आणि चव म्हणाल तर करपलेलं पातेलं पाणी घालून उकळल्यासारखी. त्या बाटलीचा बिचारीचा फारसा दोष नव्हता, हे कळायला पुढं दोनेक वर्षं गेली. मी ती तीन तास फ्रीजरमध्ये कोंबली होती, दुपारी ताक प्यायलेल्या ग्लासात ओतली होती आणि चखण्याला घेतला होता हिरव्या मिरचीचा खरडा. यातली एक चूकही पुरली असती, मी तिन्ही केल्या.

तुमची बाटली मोरीत जाऊ नये म्हणून हे लिहितोय. सातारा, कराड, वाई, कोरेगाव अशा गावांत राहणाऱ्या आणि क्राफ्ट बिअरबद्दल, म्हणजे छोट्या कारखान्यांत हौसेनं बनणाऱ्या वेगळ्या चवीच्या बिअरबद्दल, नुसतं ऐकून असलेल्या माणसासाठी. आपल्याकडे 'बसायचं का?' एवढं विचारलं की पुढचं सगळं समजतं. इथं बसायचंच आहे, पण हिशोब असा: एक बाटली, तीन माणसं, एक तास. आणि घाबरू नका, स्टाउट ओळखायला लागणारं नाक तुमच्या स्वयंपाकघरानं आधीच तयार करून ठेवलंय. खोबरं तव्यावर भाजताना ते कधी उतरवायचं हे ज्याला नुसत्या वासावरून कळतं, त्याला यात शिकवायला फार काही उरत नाही.

कायद्याचं आधी उरकू

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं, कडक दारूसाठी २५. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणं पिणाऱ्याकडं परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म असे प्रकार आहेत. रोज पिणाऱ्यांतल्याही कित्येकांना हे ठाऊक नसतं. आजन्म परवाना एकदा काढून टाकला की कटकट मिटते. आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर आणि मतदानाचे दिवस कोरडे, त्यामुळं बेत त्याप्रमाणं आखा.

दोन गोष्टी अजिबात करू नका. गोव्याहून येताना 'तिकडं स्वस्त मिळते' म्हणून डिकीत बाटल्या भरू नका. तिथली बाटली आपल्या राज्यात परवानगीशिवाय आणणं गुन्हा आहे आणि नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. दुसरं, परदेशातले व्हिडिओ बघून घरी बिअर गाळायचा मोह होईल. आपल्याकडं परवान्याशिवाय तेही बेकायदा. हौस फिटवायची असेल तर मोड आलेले जव चघळून बघा, त्याला कुणाची ना नाही.

गाडीचं तर सांगायलाच नको. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच खेपेला १० हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणून आमचा नियम साधा आहे, ज्याच्या घरी बैठक त्यानं बाकीच्यांची झोपायची सोय करायची.

बाटलीत असतं काय

पाणी, जव, हॉप्स आणि यीस्ट. बस. १५१६ साली बव्हेरियात निघालेल्या प्रसिद्ध फर्मानात तर पहिली तीनच नावं होती. यीस्ट नावाचं काही असतं हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

जव म्हणजे आपला सातू. तो भिजवायचा, मोड आणायचे, मोड जरा वर आले की वाळवायचा. लहान मुलांसाठी नाचणीचं सत्त्व करताना घरात जे चालतं तेच. मोड आल्यावर दाण्यात पिठाची साखर करणारे पाचकरस तयार होतात. या वाळवलेल्या दाण्याला माल्ट म्हणतात. तो भरडून साधारण ६५ अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवला की गोड पाणी मिळतं. ते हॉप्स घालून उकळायचं, निववायचं आणि यीस्टच्या ताब्यात द्यायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि वायू सोडतं. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. कडूपणा त्यांचा, आणि बिअर टिकते तीही बरीचशी त्यांच्यामुळं.

थंडाव्यात, १० अंशांच्या आसपास सावकाश आंबवली की लागर. आपल्या शॉपीत मिळणारी जवळजवळ प्रत्येक बाटली हीच. जरा उबेत, २० अंशांच्या आसपास दुसऱ्या जातीच्या यीस्टनं आंबवली की एल. स्टाउट या एलच्या घराण्यातली.

मग ती काळी कशानं होते? थोडे जव कॉफीच्या बियांसारखे काळे होईपर्यंत भाजून घेतात म्हणून. १८१७ साली डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजानं दाणे भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हे काम एकसारखं जमायला लागलं. त्याआधी कधी कच्चं, कधी कोळसा. गंमत अशी की हे काळे दाणे एकूण धान्याच्या साधारण दहावा हिस्साच असतात, बाकीचा माल्ट फिकाच. पातेलंभर मटणाच्या रश्श्याला वाटीभर भाजक्या कांदा-खोबऱ्याचं वाटण जसा रंग देतं, तसं हे. वाटण जास्त झालं की रस्सा कडू होतो, तसंच इथंही.

म्हणून 'काळी म्हणजे कडक' हा समज आधी डोक्यातून काढा. नळावरची गिनेस, म्हणजे ती प्रसिद्ध आयरिश स्टाउट, ४.२ टक्के अल्कोहोलची असते, आणि आपल्याकडं गाड्यांवर मिळणारी सोनेरी 'स्ट्राँग' ८ टक्क्यांपर्यंत जाते. रंगाचा आणि नशेचा संबंध नाही.

थोडं इतिहासाचं, कारण नावं त्यातूनच आलीत. अठराव्या शतकात लंडनचे हमाल जी गडद बिअर पीत, तिला त्यांच्यावरूनच पोर्टर नाव पडलं. त्यातली जास्त दमदार ती 'स्टाउट पोर्टर', पुढं नुसतं स्टाउट. आर्थर गिनेसनं १७५९ साली डब्लिनमधली जागा घेतली ती ९००० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं, वर्षाला ४५ पौंड. आपल्याकडं सातबाऱ्यावर नऊ वर्षांसाठी कूळ लावायला कुणी धजत नाही! आणि इंडिया पेल एलच्या, म्हणजे भरपूर हॉप्सच्या फिक्या 'आयपीए'च्या, गोष्टी सगळे सांगतात, पण कंपनी सरकारच्या काळात जहाजांतून हिंदुस्थानात गोऱ्या शिपायांसाठी पिंपंच्या पिंपं यायची ती पोर्टरची. पेल एल मुख्यतः साहेबांच्या टेबलावर. म्हणजे काळी बिअर या देशाला नवी नाही, मधल्या काळात आपण तिला विसरलो इतकंच.

शॉपीत गेल्यावर

आमच्या इथल्या एका बिअर शॉपीत मी पहिल्यांदा स्टाउट मागितली तेव्हा दुकानदार म्हणाले, "साहेब, काळी? ती बाळंतिणीला देतात ती का?" हसू नका, या समजुतीलाही मूळ आहे. गिनेसच्या १९२९ च्या जाहिरातीचं ब्रीदच 'गिनेस तुमच्यासाठी चांगली' असं होतं, आणि आयर्लंडमध्ये ती अशक्त माणसांना, बाळंतिणींना खरोखर देत. तिच्यात लोह असतं ते नावापुरतं. बाळंतिणीला, गरोदर बाईला, औषधं चालू असलेल्या माणसाला कोणतीच बिअर नको. अल्कोहोल हे सिद्ध झालेलं कर्करोगकारक आहे, १९८८ पासून ते त्या यादीत आहे. छंद करायचा तो हे माहीत असताना, आणि थोडक्यातच.

जिल्ह्याच्या गावात स्टाउट फळीवर नेहमी असेलच असं नाही. सिंबा कंपनीची स्टाउट भारतातच बनते, तिच्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. दुकानदाराला सांगून ठेवा. दोनतीन गिऱ्हाइकं नक्की आहेत म्हटल्यावर तो पुढच्या मालात मागवून ठेवतो. ती दोनतीन गिऱ्हाइकं तुम्हीच गोळा करायची. नाहीतर पुण्याच्या मोठ्या दुकानातून घेऊन या.

बाटली हातात आल्यावर पैसे द्यायच्या आधी तीन गोष्टी बघा.

पहिली, तयार झाल्याची तारीख. ही छापलेली असते, बरेचदा पुसट, बरेचदा झाकणाजवळ. हॉप्सचा वास हेच जिचं वैभव ती आयपीए चार महिन्यांत उतरते, तेव्हा शक्य तितकी ताजी घ्या. साध्या ताकदीची स्टाउट जरा जास्त दम धरते. कडक स्टाउटला वय झालेलं चालतं, कधी मानवतंही, त्याबद्दल शेवटी सांगतो.

दुसरी, बाटली ठेवली होती कुठं. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हाला लावलेली बाटली फुकट दिली तरी घेऊ नका. उजेड लागला की हॉप्समधल्या कडू द्रव्यापासून असा एक गंधकाचा वास तयार होतो की मुंगूस जाऊन आल्यासारखं वाटावं. तपकिरी काच उजेड बराच अडवते, हिरवी फारच थोडा, पांढरी अजिबात नाही. कॅनला ही भीतीच नाही. मी मेमध्ये एकदा बाटली मोटरसायकलच्या डिकीत घालून दिवसभर हिंडलो. संध्याकाळी उघडली तर भिजलेल्या पुठ्ठ्याची चव. उन्हानं नाही निदान उष्म्यानं तरी गाठलंच.

तिसरी गोष्ट टक्का, आणि त्याचा गुणाकार. हा हिशोब प्रत्येकानं एकदा कागदावर करावा. ३३० मिलिची ५ टक्क्यांची बाटली म्हणजे १६.५ मिलि शुद्ध अल्कोहोल. ६५० मिलिची ८ टक्क्यांची स्ट्राँग म्हणजे ५२ मिलि. आता व्हिस्कीचा ६० मिलिचा लार्ज पेग घ्या, ४२.८ टक्क्यांचा, त्यात २५.७ मिलि. म्हणजे 'मी काय बाबा, फक्त एक बिअर घेतो' म्हणणारा माणूस दोन लार्ज रिचवत असतो. हे आकडे मी मावसभावाला सांगितले तेव्हा तो बराच वेळ रिकाम्या बाटलीकडं बघत होता.

ग्लास, गारवा, ओतणं

ग्लास काचेचा हवा. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही आणि काळ्या बिअरचा निम्मा आनंद रंगात आहे. चांगली स्टाउट खिडकीसमोर धरा, कडेला गडद डाळिंबी झाक दिसते. वर थोडा निमुळता होणारा ग्लास असेल तर वास धरून ठेवतो. घरातला बुटका ग्लासही चालतो, पण स्वच्छ. आणि बिअरच्या लेखी स्वच्छ म्हणजे तेला-तुपाचा, दुधाचा, साबणाचा अंशही नको. फेसाचं वैर स्निग्धाशी. खात्री करायची असेल तर ग्लास आतून ओला करून त्यात चिमूटभर मीठ भुरभुरवा. जिथं मीठ चिकटत नाही तिथं चिकटपणा शिल्लक आहे. ताकाचे ग्लास वेगळे ठेवा, एवढं तरी करा.

'चिल्ड' या शब्दाशी मात्र जरा भांडावं लागेल. जीभ बधिर होईल इतक्या गार पेयात चव लपते, आणि सपक लागरला ती लपलेलीच बरी असते. स्टाउट ८ ते १२ अंशांवर खुलते. म्हणजे फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं ओट्यावर ठेवायची. डिसेंबरात पंचवीस, मेमध्ये दहा मिनिटं पुरतात. त्याहून सोपं, ग्लासात ओता आणि सावकाश प्या. पहिला घोट आणि अर्ध्या तासानंतरचा घोट यांत जो फरक पडतो, तोच आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त चघळला जाणारा विषय. थंड असताना नुसता कडवटपणा, मग हळूच कॉफी पुढं येते, आणि तळाशी आलं की गूळ.

ओतताना ग्लास तिरका धरा, पाऊण भरला की सरळ करा आणि उरलेली मधोमध ओता. दोन बोटं फेस हवा. आपल्याकडं फेस म्हणजे लबाडी समजतात, 'भरून दे ना' म्हणून वेटरवर ओरडतात. वास फेसातूनच वर येतो, त्याला येऊ द्या.

गिनेससारख्या बिअरमध्ये नेहमीच्या कार्बन डायऑक्साइडबरोबर नायट्रोजन असतो, मिश्रणात तीन चतुर्थांश तोच. त्याचे बुडबुडे बारीक, म्हणून तोंडात साय फिरल्यासारखं लागतं. कॅन हलवला तर आत गोळी खुळखुळते. ती बिघाड नाही, झाकण उघडताक्षणी तीच नायट्रोजन सोडते. हा कॅन सरळ उलटा करून एका दमात ओतायचा आणि बघत राहायचं. बुडबुडे कडेनं खाली जाताना दिसतात, कारण मधून ते वर चढतात आणि द्रवाला कडेनं खाली ढकलतात. आमच्याकडं एक पोरगं दहा मिनिटं हेच बघत बसलं होतं. त्याच्या ग्लासात कोकम सरबत होतं, पण कौतुक आमच्या ग्लासाचं.

ताटली मांडा

माझ्या मते यातली सगळ्यात उपयोगी पायरी हीच, आणि हिला बिअर जवळजवळ लागत नाही.

एका ताटलीत सहा गोष्टी मांडा: बिनसाखरेची कोरी कॉफी दोन चमचे, ७० टक्क्यांच्या वरचं डार्क चॉकलेट, काकवी, तव्यावर गडद भाजलेलं सुकं खोबरं, भाजून साल काळवंडलेले शेंगदाणे आणि भाकरीचा करपलेला पापुद्रा. प्रत्येकाचा वास घ्या, डोळे मिटून. मग एक चमचा चव. मग पाणी. असं सगळं झाल्यावर स्टाउट ओता आणि वास घेऊन स्वतःला विचारा, ताटलीतलं काय काय इथं आहे?

पहिल्या वेळी बहुतेकांना कॉफी सापडते. दुसऱ्या वेळी चॉकलेट आणि कॉफी वेगवेगळी सापडतात. आमच्यातल्या एकाच्या घरी कांदा-लसूण मसाला वर्षाचा होतो. त्यानं पहिल्याच वासाला सांगितलं, "खोबरं उतरवायला अर्धं मिनिट उशीर झालाय यांना." त्याच्याआधी ते मी कुठंही ऐकलं नव्हतं, आणि तेव्हापासून त्या बिअरमध्ये मला दुसरं काही लागतच नाही. भाजण्यानं दाण्यात, खोबऱ्यात, भाकरीत जे बदल होतात त्यांचं रसायन एकच आहे, त्यामुळं हे नुसतं कविकल्पनेचं नातं नाही. परदेशी चवीच्या यादीत 'टोस्ट' लिहिलेलं असतं, तिथं तुम्ही बिनधास्त 'भाकरी' लिहा.

चाखायची रीत अशी. आधी वास, तोंड मिटून आणि छोटे श्वास. मग छोटा घोट, लगेच गिळायचा नाही, जिभेवर फिरू द्यायचा. गिळून झाल्यावर नाकानं श्वास सोडायचा, तेव्हा मागून एक वेगळीच चव येते. ती किती वेळ रेंगाळते ते बघायचं. वाइनसारखं थुंकायची पद्धत बिअरमध्ये सहसा नाही, कारण कडवटपणा घशाकडं गेल्यावर नीट कळतो. म्हणूनच घोट छोटा हवा.

बिघाडही याच नाकानं पकडायचे. ओला पुठ्ठा म्हणजे जुनी. उकडलेल्या मक्याचा वास किंवा पॉपकॉर्नवरच्या लोण्यासारखा चिकट वास म्हणजे बनवताना घाई झाली. नसायला हवा तिथं आंबटपणा म्हणजे जंतू शिरलेत. अशी बाटली दोषाची ओळख पटेपर्यंत वास घ्यायला ठेवा, मग मोरी आहेच.

कशानंतर काय

लागरवरून थेट इंपीरियल स्टाउटवर उडी मारू नका. ती ८ ते १२ टक्क्यांची, दाट, डांबरासारखी दिसणारी. एके काळी लंडनहून रशियाच्या दरबारात जायची म्हणून ते नाव. पहिलीच ती घेतली तर आयुष्यभर काळ्या ग्लासाला हात लावणार नाही.

गव्हाच्या बिअरपासून सुरुवात करा. जर्मन पद्धतीच्या हेफेवायझनमध्ये पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, केळं किंवा लवंग काहीही न घालता. ती करामत यीस्टची. बेल्जियन विटबिअरमध्ये मात्र खरोखर धणे आणि संत्र्याची साल घालतात. धण्याचा वास ओळखायला आपल्याला कुणी शिकवायला नको. गोझ नावाची जर्मन आंबट बिअर तर मीठ आणि धणे घालून करतात. उन्हाळ्यात ती प्यायलात तर मसाला ताकाचीच आठवण येईल. त्यानंतर पेल एल, मग आयपीए, म्हणजे कडवटपणाची सवय होते. मग पोर्टर आणि स्टाउट. कोरा चहा किंवा बिनसाखरेची कॉफी घेणाऱ्यानं मधल्या पायऱ्या गाळल्या तरी चालेल, त्याची जीभ आधीच तयार असते.

स्टाउटमध्येही घराणी आहेत. आयरिश ड्राय स्टाउट हलकी, कोरडी, कमी टक्क्याची. ओटमील स्टाउटमध्ये ओट्स घातल्यानं मऊपणा येतो. मिल्क स्टाउटमध्ये दूध नसतं, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज असतं. यीस्टला ते खाता येत नाही, म्हणून गोडवा शिल्लक राहतो. दूध पचत नसेल तर मात्र जपून. आणि उष्ण देशांतली कडक स्टाउट हा एक वेगळाच प्रकार. श्रीलंकेची लायन स्टाउट ८.८ टक्क्यांची, आणि मिळाली तर सोडू नका, अर्थात तिघांत एक. 'गरम हवेत काळी बिअर कशी प्यायची' म्हणणाऱ्यांना नायजेरिया दाखवा. गिनेसची ती जगातल्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक आहे. १९८० च्या दशकात तिथल्या सरकारनं जवाची आयात बंद केली तेव्हा ती ज्वारीवर बनायला लागली. ज्वारीची स्टाउट! माण-खटावकडच्या कुणीतरी यावर विचार करावा, परवाना काढून.

सोबत काय खायचं

खरडा नको, तळलेली मिरची नको, तिखटजाळ फरसाण नको. कडवटपणा आणि वायू दोन्ही तिखटाची आग वाढवतात, मग माणूस आग विझवायला पितो आणि हिशोब चुकतो. भडंग चालतो, मिरची वेचून. भाजलेले शेंगदाणे उत्तम. सुकं मटण, कमी तिखटाचं, भाजक्या वाटणाचं, हे ड्राय स्टाउटबरोबर असं जमतं की दोन्ही एकाच चुलीवरून उतरल्यासारखे लागतात.

पण साताऱ्याच्या माणसाला खरी चैन आहे ती कंदी पेढ्याची. हे एकदा करून बघाच. मोती चौकातून ताजे पेढे आणा. फ्रीजमध्ये ठेवू नका, दगड होतात. एक पेढा मोडून जिभेवर ठेवा, विरघळू द्या. भाजक्या खव्याचा तो खरपूस, किंचित धुरकट गोडवा पसरला की मिल्क स्टाउटचा किंवा कॉफी स्टाउटचा छोटा घोट घ्या. पेढ्याचं स्निग्ध आवरण कडवटपणा अडवतं, स्टाउट गोडवा धुऊन नेते, आणि मध्ये दोन सेकंद अशी चव येते जी दोघांतही नव्हती. ड्राय स्टाउटबरोबर हे तितकं जमत नाही, पेढ्यापुढं ती पाण्यासारखी लागते. पांढऱ्या मऊ पेढ्यांबरोबरही नाही, कारण भाजणं महत्त्वाचं. आमच्या मंडळातला शाकाहारी मित्र या जोडीसाठीच येतो. तो येण्याआधी विचारून घ्यायचा, कारण काही बिअर निवळायला माशाच्या फुग्यापासून काढलेला पदार्थ वापरत असत. गिनेसनं तो वापरणं बंद करत असल्याचं २०१५ साली जाहीर केल्यावर तो निवांत झाला.

पुण्याची फेरी

वर्षातून दोनतीनदा पुण्याला जा, आणि एसटीनंच जा. स्वारगेटला उतरायचं, पुढं रिक्षा. स्वतःची गाडी नेली तर खंबाटकीचा घाट परतताना तुमच्याकडं बघून हसेल. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, डूलाली, २००९ साली पुण्यातच सुरू झाली. त्यानंतर इंडिपेंडन्स, एफिंगट वगैरे आल्या, आणि आज मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर या भागांत निवडीला भरपूर वाव आहे. तिथली बिअर त्याच जागी बनते, बहुतेकदा न गाळलेली, ताजी. बाटलीत ती चव उतरत नाही.

गेल्यावर मोठा ग्लास मागू नका. सँपलर मागा, म्हणजे चारपाच छोटे ग्लास एका फळीवर येतात. फिक्याकडून गडदाकडं प्यायचं. कडू आणि काळं आधी घेतलं तर नंतरची गव्हाची बिअर नुसतं पाणी वाटते. वेटरला विचारा, आज कुठली ताजी काढली? गर्दी नसेल तर बनवणारा माणूस बाहेर येतो आणि भाजलेले दाणे हातावर देतो. ते चघळा. एका दुपारी मला एकानं असे चार प्रकारचे दाणे दिले, फिक्यापासून कोळशापर्यंत. त्या चार दाण्यांनी मला जे कळलं ते चाळीस बाटल्यांनी कळलं नव्हतं. शेवटचा दाणा अगदी आमच्या आजीच्या जवाच्या कॉफीसारखा. दुसऱ्या महायुद्धात कॉफी मिळेना तेव्हा जव भाजून ती करत, असं ती सांगायची.

पोटात काहीतरी घालून जा, प्रत्येक ग्लासामागं एक ग्लास पाणी प्या, आणि परतीच्या गाडीचं तिकीट आधी काढून ठेवा. ते खिशात असलं की माणूस वेळेवर उठतो.

वही आणि फसवाफसवी

एक साधी वही करा. अनटॅप्डसारखी अ‍ॅपं आहेत, पण त्यांत लोकांचे तारे दिसतात आणि मग आपलीही जीभ तेच म्हणायला लागते. नाव, टक्का, तारीख, काय वास आला, सोबत काय खाल्लं, पुन्हा घ्याल का. पाच ओळी. आधी लिहायचं, मग बोलायचं, नाहीतर जो मोठ्यानं बोलतो त्याची चव सगळ्यांची होते.

जरा सरावलात की हा खेळ करा. दोन बिअर घ्या, तीन ग्लास. दोन ग्लासांत एकच, तिसऱ्यात दुसरी. ओतणारा बाहेर जातो, बाकीच्यांनी वेगळा ग्लास शोधायचा. डोळ्यांवर गमछा बांधा, रंगावरून चोरी नको. सोपं वाटतं ना? आम्ही दोन स्टाउट घेतल्या होत्या, एक दुसरीच्या दुप्पट किमतीची. तिघांतल्या दोघांनी चुकीचा ग्लास उचलला. त्यांत मी होतो, तोवर वहीत दोन वर्षं शेरे मारत आलेला.

राहिली गोष्ट मुरवायची. ८ टक्क्यांच्या वरच्या स्टाउट अंधारात, गारव्याला, उभ्या ठेवल्या तर वर्षं-दोन वर्षं बदलत जातात. कडवटपणा मवाळ होतो, तासगावच्या बेदाण्यासारखी, जुन्या काकवीसारखी चव चढते. एकाच तारखेच्या तीन बाटल्या घ्यायच्या, एक आत्ता उघडायची आणि बाकीच्या एकेका वर्षानं, वही शेजारी ठेवून. आमची दुसरी येत्या दिवाळीत उघडायची आहे. ती मावसभावाच्या घरी, कपाटाच्या तळाशी, जुन्या चादरीत गुंडाळून आहे. मावशीनं कपाट आवरायला काढलं तर काय, म्हणून त्यानं बाटलीवर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: 'सोया सॉस. उघडू नये.'